तिसऱ्यांदा आणलेला अर्ज

कोर्टात अर्ज घेतात त्या खिडकीपाशी, रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. आत कारकून.

"आजी, पुन्हा तुम्हीच?"

"मीच, साहेब. लेकाचा अर्ज. तुरुंगातून आलाय."

"वकील करा म्हटलं होतं ना?"

"वकील असता तर तुमच्या खिडकीवर कशाला डोकं आपटत बसले असते?"

"मागचे का परत केले होते?"

"पहिला दोन्ही बाजूंनी लिहिला होता म्हणून. दुसऱ्याला समास नव्हता म्हणून. आता बघा, चांगला चार बोटं सोडलाय."

"आणि मागणी?"

"डोळे दाखवायला दवाखान्यात न्या, एवढंच. तुरुंगात कुणी मनावरच घेत नाही."

"हं. समास ठीक आहे. पण अक्षर दुसऱ्याचं दिसतंय."

"कोठडीतल्या सोबत्यानं लिहून दिलं. सही मात्र लेकाचीच."

"तीच तर जुळत नाही. पहिल्या अर्जावर कशी सरळ होती! ही पार ओळ सोडून खाली घसरलीय."

"साहेब, पहिल्या अर्जाच्या वेळी त्याला दिसत होतं हो."

"मग तसं वेगळ्या कागदावर लिहून आणा. खाली त्याची सही हवी. पहिल्यासारखी."