चार रविवार, स्वेच्छेने

अहो, स्वेच्छेने म्हणजे काय, तुम्हीच सांगा! आमची पंख्यांची कंपनी, हेड ऑफिस मुंबईला, मी इथे बनारसच्या डेपोत डिस्पॅच क्लार्क... तर पंच्याण्णव साली मुंबईहून सर्क्युलर आलं, प्रत्येक कर्मचाऱ्याने चार रविवार समाजसेवा करावी, स्वेच्छेने; न करणाऱ्याने कारण लेखी द्यावं. स्वेच्छेने, बरं का!

आता तुम्हाला सांगतो, रविवारी मी काही लोळत नव्हतो. अकोल्याच्या एक अंबिकाबाई, काशीत मरायचं म्हणून येऊन राहिलेल्या, अहिल्याबाई घाटामागच्या धर्मशाळेत. डोळे गेलेले. तीन वर्षं दर रविवारी त्यांचं मुलाला पत्र मी लिहायचो. मजकूर काय? गुडघे, हवापाणी, शेजारणीचं घोरणं... आणि शेवटी एकच ओळ, "प्रल्हादा, एकदा येऊन जा."

मॅनेजर त्रिपाठीसाहेबांना म्हटलं, हीच सेवा धरा की! तोंडातलं पान सांभाळत, मान वर करून म्हणतात, "दत्तात्रेयजी, संस्था का लेटरहेड? मुहर? लाभार्थी कितने?" म्हटलं, एक. "एक बुढ़िया के पीछे बैनर टाँगेंगे?" तरी माझा प्रस्ताव मंजुरीसाठी मुंबईला गेला, आणि तोवर मी घाटावर, झाडू घेऊन!

घाट कसा? आदल्याच दिवशी धुतलेला, लख्ख! फोटोग्राफर ताटकळलेला. साहेब ओरडले, "अरे, कुछ तो गिराइए!" मग वीस जणांनी आधी झेंडू पसरला आणि आठ झाडूंनी तो गोळा केला. नावाडी खदाखदा हसतोय, "ए बाबू, काल्हिये त साफ भइल रहल!" स्वेच्छेने, बरं का!

चार रविवार येणार नाही, हे अंबिकाबाईंना आधीच सांगायला गेलो होतो, तर म्हणतात, "जा रे बाबा, नोकरी सांभाळ. पण पुढच्या पत्रात 'लवकर ये' असं लिहायचंय, विसरू नको." मधल्या दिवशी संध्याकाळी जायला काय झालं होतं मला? डिस्पॅचला फुरसत कुठे... हे कारण मी स्वतःलाच लेखी दिलं!

पाचव्या रविवारी आंतर्देशीय खिशात घालून गेलो. खाट भिंतीला उभी. गुरुवारीच गेल्या हो... धर्मशाळेच्या लोकांनीच मणिकर्णिकेला नेलं. तिथेच पायरीवर बसून प्रल्हादला पत्र लिहिलं. 'लवकर ये'च्या जागी काय लिहायचं, अर्धा तास सुचेना. फार लाज वाटली.

सोमवारी त्रिपाठीसाहेब हात पसरून पुढे, "बधाई हो! आपकी बुढ़िया मंज़ूर हो गई!" म्हटलं, साहेब, ती वारली. बाहेर जाऊन पान थुंकून आले. "तो... कोई दूसरी देख लीजिए. मंज़ूरी अब वापस थोड़े ही जाएगी?"

काय करता! आता दर रविवारी, नऊ ते अकरा, त्याच धर्मशाळेत शरदिनीबाईंची पत्रं लिहितो, मागे बॅनर. त्यांना ना मूल ना बाळ, ना गावी कुणी उरलेलं. विचारलं, "पत्र कुणाला लिहू?" तर म्हणतात, "लिही रे कुणालाही... तुझा फॉर्म भरायला हवा ना?"

स्वेच्छेने, बरं का!