तपासणीआधीचा वरण-भात

तुम्ही म्हणता मी घरच्यांवर उगाच चिडते, मग हे ऐका. हृदयाची झडप बदलल्यापासून बाबांना रोज रक्त पातळ करायची गोळी घ्यावी लागते. पालेभाजी कमी-जास्त झाली की गोळीचा असर बदलतो, हे डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय! तरी परवाच्या तपासणीत रक्त भलतंच पातळ निघालं. डॉक्टर गोळी कमी करायला निघाले, तेवढ्यात मी विचारलं, "बाबा, या आठवड्यात भाजी खाल्ली?"

बाबा ऐटीत म्हणाले, "एक पान नाही! तपासणीच्या आधी मी बंदच ठेवतो. घरी गेलो का मंग तरोट्याची, चवळीची, सारीच पालेभाजी खातो."

"म्हणजे दर वेळी खोटाच रिपोर्ट! काहून करता असं?"

त्यांनी मान खाली घातली. "रिपोर्ट बिघडला तं पुन्हा छाती फाडतीन, असं भेव लागते, पोरी."



डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, रिपोर्ट बिघडला तर फक्त गोळी बदलते. पण मी ती कमी करायची आणि तुम्ही घरी जाऊन तरोटा खायचा, तर रक्तात गाठ होईल. रोज जेवता तसंच जेवून येत जा."

बाबा माझ्याकडे वळले. "मंग आठ दिवस नुसता वरण-भात कायले खाल्लो मी?"