पुलाआधी उतरायचं

पैनगंगेवरच्या जुन्या लोखंडी पुलाजवळ एसटी थांबली आणि सगळे उतरू लागले. ढाणकीला पहिल्यांदाच निघालेली आभा बसूनच राहिली. पुढच्या सीटवर एक नवी सून शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होती.

“सरदारचाचा, उतराचं कायले?”

“पूल कमजोर हाये, बेटा. भरली गाडी पेलत नाही. इंग्रजाच्या टायमापासून रिवाज हाये.”

“पण बाजूले तं नवा पूल दिसते!”

“गाडी त्याच्यावरूनच जाते. जुना गाड्यांसाठी कवाचाच बंद केला.”

“अन् आपून?”

“आपून जुन्यावरून पायी.”

“कमजोर पुलावरून?”

“म्हणून तं गाडी रिकामी करतात.”

“चाचा, गाडीत बसूनच नव्यावरून गेलो तं?”

“अन् जुना कमजोर हाये, हे ध्यानात कोण ठेवीन?”

आभानं पिशवी उचलली आणि ती उतरली.