जवानांच्या गाडीचा फिटर

आमी मूळचे पुनावळ्याचे, ताई, हे समोर टॉवर दिसत्यात न्हवं, तिथं आमचं ऊस आन भाजीपाल्याचं रान व्हतं, ते गेलं आन मी लागलो चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट करत डोक्यावरचं केस गेलं. जमिनीच्या पैशात लोकांनी बंगलं बांधलं, आमच्या वाट्याला तेवढं न्हवतं, त्याचं मला काय वाटत न्हाई. लाज वाटती ती दुसऱ्याच गोष्टीची. काय सांगू तुमाला, अजून चौकातनं गाडी काढताना माझी मान आपोआप खाली जाती.

माझं काम मागच्या क्लचचं. बिनगिअरची स्कूटर असती का न्हाई, तिच्या मागच्या चाकापाशी जशी पट्ट्याची पुली असती, तसलंच, पन बर्फावर चालनाऱ्या गाडीचं. दोन तबकड्या, मधी पट्टा, मागं स्प्रिंग. ज्याला आपल्या गाडीचा क्लच मऊ वाटतो तो आमचा दमदार स्प्रिंगचा क्लच बसवून घेतो. ती स्प्रिंग बसवायचं काम माझं. तिला पीळ द्यायचा आन बरोबर भोकात अडकवायची, सगळी गंमत त्या पिळात हाय. पीळ कमी पडला की चढाला पट्टा घसरतो, जास्त झाला की गाडी वेगच घेत न्हाई. बरोबर बसला की चढ लागू द्या न्हायतर काय, गाडी दम सोडत न्हाई. ह्यात मी उस्ताद, हे आपलं खरं सांगतो. पन बर्फ मी बघितला तो फ्रीजमधलाच.

तर माझा चुलतभाऊ राजू, त्याला नगरसेवक व्हायचंय, त्याला मी एकदा मोबाइलवर आमचा माल भरायच्या खोक्याचा फोटो दाखवला, खोक्यावर बर्फातली गाडी छापल्याली, तिच्यावर हेल्मेट घातलेला मानूस. राजू म्हनला, दादा, ही लष्कराची व्हय? मी म्हनलं, असंल. एवढंच बोललो ताई मी, असंल. मला तरी कुठं ठाऊक व्हतं, बर्फात दुसरं कोन मरायला जानार, जवानच जात असतील, असंच वाटलं. सव्वीस जानेवारीला बघतो तर चौकात फ्लेक्स, माझा मानसाएवढा फोटो, मागं बर्फाचं डोंगर, आन खाली, जवानांच्या गाड्यांना बळ देनारे आमचे दत्तूभाऊ. आन माझ्यापेक्षा मोठा राजूचा फोटो, हात जोडून. मला ग्वाड लागलं, खोटं कशाला बोलू. सकाळी कामाला जाताना उगाच चौकातनं वळसा घालून जायचो.

आमच्या शेजारी सुनंदावहिनी राहत्यात. मालक वारल्यालं, एकुलता एक सागर फौजेत, तिकडं वर बर्फातच. फ्लेक्स बघून त्या घरी आल्या, पदरात भैरवनाथाचा अंगारा. म्हनल्या, भावजी, तुमी जे बसवता त्याला हा एवढा लावा, माझं लेकरू त्याच गाडीवर असंल. मी मान हलवली आन अंगारा कागदात बांधून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या पयल्याच क्लचला चिमूटभर लावला, आन तो तपासनीत घावला. तबकडीवर राख, पट्टा बसतो नेमक्या त्याच जागी. साहेबांनी बोलवलं, हे काय आहे? मी सगळं सांगितलं, जवान, वहिनी, अंगारा. साहेब मानूस चांगला, हसायचं न्हवतं त्यांना, पन हसू आलंच. म्हनले, अहो, हा सगळा माल परदेशात जातो, तिकडची हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी बर्फात गाड्या पळवतात, त्यांच्या मजेसाठी आहे हे. जा, पुसून टाका ती राख.

मी पुसून टाकली. त्याच दिवशी सांगायला पायजे व्हतं का न्हाई? बायको म्हनली, जाऊन सांगा वहिनींना. मी म्हनलं, उद्या. राजूला सांगितलं तर तो म्हनला, दादा, आता गप बस, माझी बी इज्जत हाय. बसलो गप. मग गावची जत्रा आली, आन कमिटीनं माझा सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ. मी गेलो, ताई! सगळं ठाऊक असून नवा शर्ट घालून गेलो. आन शाल द्यायला कोनाला बोलवलं, तर जवानाची आई म्हनून सुनंदावहिनींना. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, नीट सारखी बी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटत व्हतं धरनी फाटंल तर बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो ते थेट वहिनींच्या दारात. म्हनलं, वहिनी, मी तुमाला फसवलं, त्या गाड्या खेळायच्या हायेत, श्रीमंतांच्या. वहिनी मेथी निवडत व्हत्या. म्हनल्या, बसा भावजी. मला ठाऊक हाय. होळीला सागरचा फोन आल्ता तवा मी त्याला सांगितलं, तुझ्या गाडीला आपल्या दत्तूभावजींचा हात लागल्याला अस्तो. तर तो म्हनला, आई, आमी हाय तिथं गाडी येत न्हाई, आमी पायीच चढतो, कमरंला दोर बांधून, एकामागं एक.

मी म्हनलं, मग तुमी काल शाल कशी दिली? तर म्हनल्या, भर गावात तुमची मान खाली घालू का? बायकापोरं समोर बसल्याली तुमची. आन उठून चहा ठेवला.

मी तो चहा कसा प्यालो माझं मला ठाऊक. जिचं पोरगं बर्फात पाय रोवून उभं, ती बाई माझी अब्रू सांभाळत बसल्याली, आन मी शाल घेऊन घरी आल्याला. आता फ्लेक्स उतरला, तिथं दुसऱ्याचा वाढदिवस लागलाय. मी आपनहून सगळ्यांना सांगतो, बाबांनो, तसलं काय न्हाई, खेळायच्या गाड्या हायेत, तर लोक म्हनत्यात, बघा, एवढं करून मानसाला गर्व न्हाई. आता काय करू?

वहिनींना फोन आला की हाक मारत्यात, भावजी, बोला सागरशी. तो हसून म्हनतो, काय फिटर काका! मी विचारतो, बूट चांगलं दिल्यात का रं? तो म्हनतो, चांगलं हायेत. रोज कामाला निघताना भैरवनाथाला एवढंच म्हनतो मी, पोरगं पायानं चढून गेलंय, तसंच पायानं चालत दारात येऊ दे.