जाळीखालचा मोजा

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात एक बाई नवऱ्याचं व्हायोलिन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या पुढे एक जोडपं होतं आणि त्या जोडप्याची पत्र्याच्या अंगाची रेझोनेटर गिटार.

"हिला पिकअप बसवा, म्हणजे वायरने स्पीकरला जोडता येईल," नवरा म्हणाला. "या रविवारीही ऐकू आलो नाही, तर ग्रुपमधून नारळ मिळणार."

"ही जात गल्ली उठवते, साहेब," कारागीर म्हणाला. "तुमचीच कशी मुकी? थांबा, जाळी काढतो. अहो, आवाज निघतो त्या वाटीतच लोकरीचा मोजा कोंबलाय कोणी?"

"मी," बायको म्हणाली.

"तू? तीन वर्षं मी तारा बदलतोय."

"आणि तीन वर्षं मी सुखात आहे."

"काढला मोजा. आता पिकअप नकोच, साहेब."

"मोजा ठेवून चालणारा पिकअप नाही का एखादा?"

"आहे ना, वहिनी, चुंबकाचा. तो फक्त तारांचं ऐकतो, पोटातलं नाही."

"मग तोच बसवा. ग्रुपचं भलं होवो."

"आणि घरी गं?"

"घरी वायर आणायचीच नाही."

व्हायोलिनवाल्या बाई जरा पुढे सरकल्या.

"वहिनी, जोडीतला दुसरा मोजा आहे का हो?"