खिडकीखालची जागा

...नाही, तुम्हीच सांगा, टेबल आधी उचलायचं आणि परवानगी मग मागायची, याला विचारणं म्हणतात का? तुम्हाला सांगते, आमचे बाबा दस्त लिहितात, म्हणजे लोकांची घरं-जमिनी या हातातून त्या हातात जातात त्याचे कागद, आणि प्रत्येक कागदात एक ओळ असतेच, 'स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.' आता आत्या कायमची राहायला आली, शिलाई मशीन घेऊन, आणि मशीनला उजेड हवा, आणि घरात उजेडाची खिडकी एकच, तिच्याखाली माझं टेबल, आणि दहावीचं वर्ष माझं! शाळेतून येते तो काय, टेबल पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकला टेकवलेलं, वर बाबांचा कागद. मी खिडकीखालची जागा आत्याला देत आहे... स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.

"वाच. पटलं तरच सही कर," बाबा म्हणाले.

आता मी पडले भिडस्त, वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही, तरी विचारलं, "नाही केली तर?"

"तर नाही. जबरदस्ती थोडीच आहे? फक्त मशीन आता बसवलंय, ते हलणार नाही."

दादा साक्षीदार, मोबाइलमधून डोकं वर न काढता. आई म्हणाली, "कर गं पटकन, पोळ्या गार होतायत." केली सही. दडपण? छे, कुठलं दडपण?

आणि ऐका, दुसऱ्या दिवशी आत्या हळूच म्हणते, "अगं, मला पॅसेजच हवा होता. दाराशी बसलं की गिऱ्हाईक परत जात नाही. पण तुझ्या बाबांनी कागदच पुढे केला." म्हणजे तिनेही सही केलेली, खिडकी स्वीकारल्याची... स्वखुशीने, अक्कलहुशारीने, अजून काय!

गेलो दोघी बाबांकडे. म्हटलं, आम्ही दोघी राजी आहोत, अदलाबदल करून द्या.

बाबांनी चष्मा पुसला. "तू अजून सज्ञान नाहीस, बाळा. तुझी सही चालायची नाही."

"मग कालची कशी चालली?"

"काल तू देत होतीस," बाबा म्हणाले. "देताना कोणी वय विचारत नाही."

मी पॅसेजमधला दिवा लावला आणि भूमितीचं पुस्तक उघडलं.