चौदा नंबरच्या फोटोची किनार

मी, सर्वत्र 'दादा' म्हणून ओळखला जाणारा, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी, विद्यापीठाच्या छायाचित्र संग्रहालयात डार्करूममध्ये प्रिंट काढणारा, राहणार संग्रहालयामागील कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. समक्ष हजर होऊन सांगतो की, काल मी दिलेला जबाब खरा नाही. दालनाच्या पहारेकऱ्याला बाहेर बाकावर बसवून ठेवले आहे, त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही संबंध नाही.

संग्रहालयात सध्या माझ्या धाकट्या बहिणीच्या फोटोंचे प्रदर्शन चालू आहे. सगळे प्रिंट मी काढले. तिचा हट्ट असा की, निगेटिव्ह कुठेही कापायची नाही, आणि त्याचा पुरावा म्हणून प्रत्येक प्रिंटला चारी बाजूंनी निगेटिव्हच्या कडेची काळी किनार आली पाहिजे. बाईसाहेब मोठ्या झाल्या, आम्ही हुकमाचे ताबेदार.

चौदा नंबरला आईचा, धाकट्या बहिणीने काढलेला, फोटो आहे. आई खिडकीपाशी ओले केस पुसते आहे आणि खळखळून हसते आहे. घरात कॅमेरा माझ्यासाठी आणला होता. मी सोळा वर्षांचा, ती अकराची. हा फोटो माझा, असे मी चाळीस वर्षे घरीदारी सांगत आलो. तिने कधी हो-नाही केले नाही. खोटे बोलत होतो का, असे विचारल्यावरून सांगतो की, पहिली पाच-सहा वर्षे ठाऊक होते. पुढे मलाच खरे वाटू लागले.

प्रिंट मोठा करताना खिडकीच्या काचेत बहिणीच्या दोन वेण्या आणि कॅमेरा दिसला. भिंतीवरची नावाची पट्टी चुकली म्हणता आले असते, काचेचे काय करणार? मी प्रिंटमधून खिडकीची बाजू कापली आणि काळी किनार नव्याने उमटवली. तीस वर्षांच्या नोकरीत असे कधी केले नव्हते.

मंगळवारी बहीण दालनात आली. फोटोला नाक लावून म्हणाली, "दादा, ही किनार खोटी आहे. खिडकी कुठे गेली?"

मी म्हणालो, "काच घाण दिसत होती गं."

"असू दे की घाण. रविवारी मावशी येतेय. तोवर अख्खा प्रिंट लाव."

बुधवारी दुपारी दीडला पहारेकरी जेवायला गेला असता मी आईचा, धाकट्या बहिणीने काढलेला, फोटो उतरवला आणि डार्करूममध्ये कागदाच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. निगेटिव्हही त्यातच आहे. दोन्ही नसले की नवा प्रिंट कशाचा काढणार, एवढीच अक्कल चालली.

कारण विचारता सांगतो की, मला तिचा हेवा वाटतो. तिचे नाव झाले, दालन मिळाले, त्याचा नाही. मी कॅमेरा धरला की आई म्हणायची, "आटप लवकर, दूध उतू जाईल." माझ्या एकाही फोटोत ती हसलेली नाही. तिचे हसू असलेला तेवढा एकच फोटो घरात होता, तो मी माझा म्हणून ठेवला.

प्रिंट व निगेटिव्ह हजर करतो. पहारेकऱ्याला घरी सोडावे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात फोटोबद्दल 'मी काढलेला' असे सवयीने दोनदा माझ्या तोंडून गेले होते व तसेच लिहिले गेले होते. दोन्ही ठिकाणी ते खोडून माझ्या सांगण्यावरून 'धाकट्या बहिणीने काढलेला' असे लिहिले आहे. आता जबाब बरोबर आहे.